आधी आकडा, मग चहा

मोहखेडीत घरी आलेल्या माणसाने "कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. घराला आग लागली असली तरी यजमान म्हणणार, "बरं हाय. बसा, चाय घ्या." सदाशिवराव या बाबतीत अख्ख्या गावाचे गुरू होते. कॅन्सर कंबरेच्या हाडांत उतरला होता. बाजेवर कूस बदलायची तर बायको आणि पोरगा असे दोघं लागत. पण ओसरीवर निकिता सिस्टर बशीत चहा ओतून बसली की म्हाताऱ्याची मान ताठ व्हायची आणि चेहऱ्यावर लग्नघरच्या यजमानाचं हसू यायचं.

"काका, आज दुखणं किती? काहीच नसलं तर शून्य, सहनच होत नसलं तर दहा."

"दोन," सदाशिवराव म्हणाले. "तू चाय घे पोरी, थंडी होऊन राह्यली."

निकिता मारेगावकडची, कापूस-तुरीच्या घरातली पोरगी. यवतमाळला नर्सिंगचं एम.एस्सी. करत होती. संशोधनाचा विषय असा, की ज्यांचा आजार बरा व्हायचा नाही त्यांचं निदान दुखणं तरी घरच्या घरी किती कमी करता येतं. त्यासाठी ती घाटंजी तालुक्यातल्या घरांतून स्कूटीवर फिरायची आणि आकडे विचारायची. त्या आकड्यावरच यवतमाळचे डॉक्टर गोळी ठरवत. दोनला साधी गोळी. सदाशिवरावांच्या हाडांतलं दुखणं त्या साध्या गोळीला हिंग लावूनही विचारत नव्हतं, पण हे सांगणार कोण?

तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक शीला मॅडमनी परवाच तिला फोनवर झाडली होती. "तुझे सगळेच पेशंट दोन-तीनवर कसे गं? हाडात पसरलेला कॅन्सर आणि दुखणं दोन? एक तर आपली गोळी जादूची आहे, नाहीतर तुझ्या विचारण्यात काहीतरी चुकतंय."

निकिताला राग आला होता. पुस्तकात दिलंय अगदी तसंच ती विचारत होती. शिवाय प्रत्येक घरी खाली बसून, चहा घेऊन, घरच्यासारखं होऊन विचारत होती. आणखी काय करायचं माणसाने?

पावसाने उघाड दिली होती आणि शिवारात डवरणीची, बैलांना डवरा जुंपून तण काढायची, एकच घाई उठली होती. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याला लागलेली, ओळींच्या मधे तण माजलेलं. पिंटू सकाळी सकाळी बाशा आणि चंद्र्या या बैलांना घेऊन वावरात जायचा. पिंटू म्हणजे सदाशिवरावांचा मुलगा. तिशी ओलांडली तरी बापाच्या लेखी त्याला अजून डवरा धरता येत नव्हता. त्याची आई शकुबाई भाकरी टाकून, दोन बाया घेऊन निंदायला जायची. मधेच नवऱ्याला पालटायला घरी पळत यायची आणि पुन्हा पळत वावरात. दुपारपर्यंत तिच्या लुगड्याचा काष्टा मातीने घट्ट झालेला असायचा.

सकाळचा संडासाचा कार्यक्रम सगळ्यात वाईट. पिंटू बापाला काखेत धरून अंगण ओलांडायचा. त्या दिवशी अर्ध्यावरच सदाशिवरावांचा डावा पाय गेला. धोतर ओलं झालं. नेमकी त्याच वेळी शेजारची सून नळावरून हंडा घेऊन आली, जागच्या जागी थबकली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सदाशिवराव तिला म्हणाले, "बरं हाय माय, पाय घसरला जरासा." पिंटूने दात आवळले.

त्याच दिवशी नागोराव आले.

नागोराव वरच्या मोहल्ल्याचे, सदाशिवराव खालच्या मोहल्ल्याचे. एरवी दोघांच्या वावरांचे धुरे वेगळे, वाटा वेगळ्या, पण पोळ्याला गाठ पडायचीच. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की तोरण तुटण्याआधी दोन्ही मोहल्ल्यांचे गडी एकमेकांची रेवडी उडवत तुकबंद ओळी म्हणतात, त्यांना झडती म्हणतात. मिसरूड फुटल्यापासून हे दोघं एकमेकांना झडतीत सोलून काढत आले होते. एका वर्षी नागोरावांनी सदाशिवरावांच्या सासूला झडतीत घेतलं, तर शकुबाई संक्रांतीपर्यंत नागोरावांच्या बायकोशी बोलली नव्हती.

"आवंदा तुमच्याकून कोण म्हणते झडती?" नागोरावांनी बाजेच्या कडेवर हात टेकत विचारलं. "पोया तं आठ दिसावर आला."

"मीच म्हणतो. दुसरा कोण हाय?"

"तू? तोरणालोक येशीन का?"

"काहून नाही? बरं हाय मले. जरासं कंबरेत धरते, बस."

"तसं नाही लेका, तुले नसंन जमत तं पिंटूले उभा कर. मी जरा सबुरीनं घेईन त्याले."

सबुरी हा शब्द सदाशिवरावांना लागला. "तुयी सबुरी तुया बैलाले दे," ते म्हणाले. "मी येतो. तोरणाखाली उभा राह्यतो. आन तुले असा सोलतो का तू पुढच्या पोयालोक सालपटं येचत बसशीन."

नागोराव खूश होऊन हसत गेले. त्यांची पाठ कोपऱ्यावरून वळली न वळली तोच सदाशिवरावांनी गोधडीचं टोक तोंडात कोंबलं आणि डोळे मिटून घेतले. शकुबाईने आतून पाहिलं. तिने पुन्हा कामात हात घातला. नवऱ्याची इज्जत झाकायची सवय तिच्या हाडात बसलेली होती.

तर आता खरी गोष्ट ही, की या माणसाला तोरणाखाली उभं राहून झडती म्हणायची होती. बरं होण्याची आशा त्याने केव्हाच सोडून दिली होती. देवाकडे मागणं एवढंच होतं आणि तेही तो कोणाला मोठ्याने सांगत नव्हता.

दुसऱ्या दिवशी निकिता आली तेव्हा दुपार होती. चहा झाला, आकडा विचारून झाला, आकडा दोन आला. तेवढ्यात पिंटू बैल घेऊन अंगणात शिरला. सदाशिवरावांची नजर बैलांवरून फिरली आणि बाशावर थांबली.

"बाशाले अठी आण."

"काहून? पानी पाजतो आधी."

"आण म्हणतो ना."

पिंटूने बैल ओसरीला भिडवला. सदाशिवरावांनी बाजेवरूनच हात लांबवून बाशाच्या खांद्यावर ठेवला. बाशाची कातडी थरथरली. बोट जरा दाबलं तशी त्याने मान झटकली. जू बसतं तिथे मुठीएवढी सूज होती.

"हे काय केलं रे? जू कसं बांधलं तू? एका अंगाले ओझं पाडलं पुरं. इतका खांदा सुजला आन तुले दिसला नाही?"

"थो सरका चालून राह्यलता, बाबा. त्यानं दाखवलंच नाही काही."

"मुकं जनावर हाय थे. दाखवन कसं? तुलेच समजाले पायजे, बुद्धू कुठचा."

शकुबाई नवऱ्याची कंबर शेकण्यासाठी गरम पाण्याचं भगोणं घेऊन बाहेर येत होती. तिने ते धाडकन ओट्यावर ठेवलं.

"आन तुमी? तुमी तं मुकं जनावर नाही ना? तुमाले तं तोंड हाय."

"काय झालं तुले?"

"दोन म्हणे दोन. कायचे दोन?" ती निकिताकडे वळली. "सिस्टर, हा माणूस गोधडी चावते. चावून चावून टोकाचा कापूस बाहेर आला पाहा. दिस उगवला का मले विचारते, आज जीव जाईन का वो माया. आन तू आली का दोन."

"शके," सदाशिवराव गरजले, "घरातल्या गोष्टी पाव्हण्यापुढं काढते?"

निकिता कपबशी खाली ठेवून बाजेजवळ आली. तिला रागही आला होता आणि रडूही येत होतं, आणि अशा वेळी ती घरच्या भाषेत बोलायची.

"काका, तुमच्या वावरात निंदाले बाई आली. आन तुम्ही तिले धुऱ्यावरूनच म्हटलं, तण नाही वो माया वावरात, चाय पे आन जाय घरी. चालंन का?"

"थे कसं चालंन? तिले कामाले बोलावलं."

"मग मी कामालेच आली. मी पाव्हणी नाही. तुम्ही तण दाखवलंच नाही तर मी काय निंदू? तुमच्या आकड्यावर डॉक्टर गोळी ठरवतात. दोन म्हणता म्हणून दोनची गोळी भेटते."

सदाशिवराव तिच्याकडे पाहत राहिले. आकड्याचा आणि गोळीचा असा संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, सरकारी कामात नाव-गाव विचारतात तसंच हेही एक विचारणं.

"मंग आधी नाही का सांगाव," ते म्हणाले. "नऊ."

"नऊ?"

"आता नऊ. संडासाले जातानी दहाच्या वर काही असंन तं थे लिही."

"मग इतके दिवस दोन काहून सांगितलं?"

"तू चाय पिऊन राह्यलती ना. चाय पेणाऱ्या माणसापुढं कोणी आपलं रडगाणं काढते का? त्याचा घोट नाही का अडकनार?"

निकिताने कपबशीकडे पाहिलं. मग एकदम तिच्या अंगात वारं भरल्यासारखं झालं. ती घरोघरी चहा पीत होती. घरोघरी दोन आणि तीन येत होते. तिने अंगणात जाऊन शीला मॅडमना फोन लावला आणि इतक्या भराभर बोलायला लागली, की बाशाही मान वर करून पाहू लागला.

"मॅडम, चहा! चहामुळे! नाही, चहात काही नाही. मी आधी चहा घेते आणि मग विचारते. मी पाहुणी होते हो त्यांची. पाहुण्याला कोणी दुखणं सांगत नाही आपल्याकडे."

मग शीला मॅडम म्हणाल्या, "उद्या सगळ्या घरी पुन्हा जा. उंबऱ्यात उभी राहून विचार. पाणीसुद्धा घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी निकिता पुन्हा सगळीकडे फिरली. उकंडा नावाच्या म्हाताऱ्याचा आकडा तीन होता, उंबऱ्यातून विचारल्यावर आठ निघाला. तांड्यावरच्या लालसिंगला तोंडाचा कॅन्सर होता, तो खुणेनेच आतापर्यंत दोन बोटं दाखवायचा. त्याने दोन्ही हातांचे पंजे उघडले आणि त्याची बायको दारातच मटकन बसली. आधीचे सगळे आकडे वाया गेले होते, सगळं काम पुन्हा मांडावं लागणार होतं. आणि तरी पोरगी स्कूटीवर मोठ्याने गाणं म्हणत फिरत होती. आपण चुकलो होतो हे कळल्यावर एवढा आनंद झालेला माणूस मोहखेडीने आधी पाहिला नव्हता.

सदाशिवरावांची नवी गोळी आणायला पिंटू यवतमाळला गेला. डॉक्टरांनी आधी तपासलेलं होतंच. त्यांनी पुन्हा व्हिडिओ कॉलवर म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला, चार प्रश्न विचारले आणि मॉर्फिन लिहून दिलं. पिंटू परतला तो तोंड पाडूनच.

"तथी एक जण म्हणे, हे अफूचंच होय. माया बापाले आता अफूवर ठेवता का?" त्याने निकिताला विचारलं. "लोक म्हणतीन, पिंट्यानं बाप सांभायता येत नाही म्हणून नशेत टाकला."

"नशेसाठी नाही हे, दादा. दुखण्यापुरतंच देतो, मोजून, घड्याळ पाहून. दुखणं आल्यावर नाही, दुखणं यायच्या आधी. सोबत पोट साफ व्हायचं औषध द्यायचंच, नाहीतर शौचाला खडा होतो."

पण खरी अडचण पुढेच होती. सदाशिवराव गोळीकडे साप पाहावा तसं पाहत होते.

"जीभ जड होते का यानं?"

"पहिले दोन-तीन दिवस झोप येईल. मग डोकं साफ होते."

"आन नाही झालं तं? पोयाले तोरणाखाली माया शब्द अडखयला तं नागो गावभर नाचंन. मले दुखू दे. जीभ राह्यली पायजे."

"अवो जीभ ठेवून कराचं काय," शकुबाई म्हणाली, "उभं राह्यता येत नाही तं? बाजेवरून म्हणता का झडती? घ्या गुमान." आणि तिने गोळी त्यांच्या तोंडात टाकली, वासराला ढेप भरवावी तशी.

सदाशिवराव झोपले. दुपारी झोपले, संध्याकाळी दोन घास खाऊन झोपले, दुसऱ्या दिवशी औषधापुरते उठून पुन्हा झोपले. पिंटू वावरातून आला की आधी बापाच्या छातीकडे पाहायचा. शेवटी त्याने निकिताला फोन करून सरळ शिव्याच द्यायच्या बाकी ठेवल्या. "बाप झोपवून टाकला तुमी. पोया चार दिसावर आला आन हा डोया उघडून नाही राह्यला." निकिता लगोलग आली. श्वास मोजला, हाक मारली, हाकेला त्यांनी "हं" केलं.

"दादा, किती महिन्यांचं जागरण आहे ते. फेडू द्या त्यांना."

ती असं म्हणाली खरी, पण स्कूटी सुरू करण्याआधी तिने परत आत जाऊन एकदा श्वास मोजला.

तिसऱ्या दिवशी सकाळी शकुबाई चुलीपुढे होती. मागून आवाज आला, "आंबाडीची भाजी हाय का वो?"

तिने वळून पाहिलं. नवरा बाजेवर उठून बसला होता. कोणी उठवलं नव्हतं. ती भाकरी तव्यावर तशीच टाकून उठली, भाकरी जळाली, धूर झाला आणि त्या धुरात दोघं एकमेकांकडे पाहून वेड्यासारखी हसली. सदाशिवरावांनी ज्वारीची दीड भाकर खाल्ली. मग काठी घेऊन, भिंतीला धरून, स्वतःच्या पायांनी बैलांच्या कोठ्यापर्यंत गेले आणि बाशाचा खांदा पाहिला.

निकिता आली ती उंबऱ्यातच उभी राहिली. "आकडा?"

"तीन," सदाशिवराव म्हणाले. "खरे तीन. आता ये आत, चाय घे."

शकुबाईने आता घरात कायदाच केला होता, आधी आकडा, मग चहा. शेजारची सूनही सहज डोकावली तरी म्हातारा आधी आकडा सांगायचा आणि ती बिचारी गोंधळून जायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना लोणी-हळद लावून, पळसाच्या पानाने कोमट पाण्याचा शेक देतात आणि बैलाला जेवायला बोलावतात. सदाशिवराव स्टुलावर बसले आणि बाशाचा सूज उतरलेला खांदा इतक्या हळू शेकला, की बैलाने डोळे मिटून घेतले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," त्यांनी बाशाच्या कानात म्हटलं, चंद्र्याच्या कानात म्हटलं, आणि मग निकिताकडे वळून तिलाही म्हटलं. "तू पण. आन तुयी मास्तरीण येत असंन तं तिलेबी आण."

मग दिवसभर म्हातारा ओठातल्या ओठात पुटपुटत होता. यमक जुळलं की मांडीवर थाप मारायचा. पिंटूने शिंगं रंगवली, झुली झटकल्या, घुंगरांच्या माळा चिंचेने घासून चकचकीत केल्या. घराला बरेच दिवसांनी सणाचा वास आला होता.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली तशी सगळी गुरं आखरावर, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, निघाली. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, एका बाजूला वरच्या मोहल्ल्याचे बैल, दुसऱ्या बाजूला खालच्या. डफडं वाजत होतं. सदाशिवराव नवं धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून, एका हातात काठी आणि दुसरा हात बाशाच्या पाठीवर ठेवून चालत आले, तशी माणसं वाट सोडून बाजूला झाली. एवढे दिवस बाजेवर असलेला माणूस चालत येतोय म्हटल्यावर कोणीतरी आधीच "हर हर महादेव" करून मोकळं झालं. निकिता बायांमध्ये उभी होती आणि तिला काय करू नि काय नको झालं होतं.

नागोरावांनी पहिली झडती फेकली.

"डवरा रे डवरा, बाभयीचा डवरा,
खालच्या मोहल्ल्यात बसला आयतखाऊ नवरा;
बायको गेली निंदाले, पोरगा हाकते बैल,
बाजेवरून म्हणते बुढा, पीक येईन औंदा सैल.
एक नमन गौरा पारबती, हर बोला..."

"हर हर महादेव!" आखर दणाणलं. सगळ्या माना सदाशिवरावांकडे वळल्या.

सदाशिवरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बाशाच्या शिंगावर त्यांचा हात होता, त्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. निकिताने तो हात पाहिला आणि गर्दीतून वाट काढत पुढे घुसली.

"काका, दुपारची गोळी?"

शकुबाईने त्यांच्या बंडीच्या खिशात हात घातला. गोळी तिथे होती.

"जीभ जड होईन म्हणून नाही घेतली," ते ओठ न हलवता म्हणाले. "म्हटलं, झडती झाल्यावर घीन."

"आकडा किती?"

पुढे नागोराव उभे होते, मागे अख्खं गाव. घरच्या उंबऱ्यात आकडा सांगणं वेगळं होतं. इथे त्यांच्याकडे दोन्ही मोहल्ले पाहत होते, आणि बरं हाय म्हणायला एवढी चांगली जागा दुसरी नव्हती. त्यांनी श्वास घेतला.

"आठ," ते मोठ्याने म्हणाले. "आठ दुखून राह्यलं मले. म्हणता नाही येत आता."

डफडं थांबलं. शकुबाईने गोळी दिली, पाणी पाजलं, पिंटूने स्टूल आणून बापाला बसवलं. निकिता म्हणाली, "अर्धा तास तरी लागंल उतरायले."

गावचे पाटील तोरणाजवळ होते. आभाळ पश्चिमेकडून काळं होत आलं होतं. "पाणी येऊन राह्यलं," ते म्हणाले. "पोया फोडून टाकू का? सदाशिवची झडती समजून घेऊ."

"खबरदार तोरणाले हात लावला तं," नागोराव म्हणाले. "माया अजून सरल्या नाही."

आणि त्यांनी दुसरी झडती सुरू केली. मग तिसरी. पाटलांवर एक केली, सरपंचावर एक केली, ट्रॅक्टरवाल्यावर दोन केल्या. पाठ होत्या त्या संपल्या तेव्हा जुन्या, बापाच्या वेळच्या काढल्या. त्याही संपल्यावर उभ्या उभ्या जोडू लागले. यमक चुकलं तरी थांबेनात. वरच्या मोहल्ल्याने आधी माना खाली घातल्या होत्या, मग त्यांना समजलं नागोराव काय करून राह्यले ते, आणि ते प्रत्येक ओळीला दुप्पट ओरडू लागले. खालचा मोहल्लाही ओरडू लागला. आपल्याच माणसाची टिंगल होत असताना त्यांनी "अजून एक, अजून एक" लावलं. नागोरावांचा गळा फाटला, आवाज घोगरा झाला, मग नुसतं फुसफुस यायला लागलं. निकिता सदाशिवरावांचं मनगट धरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"आकडा?"

"सात... थांब." मग बऱ्याच वेळाने, "पाच." आणि मग सदाशिवराव काठीवर जोर देऊन उभे राहिले. बाशाच्या पाठीवर हात टेकला. जीभ जड नव्हती.

"आकडा रे आकडा, दुखण्याचा आकडा,
सरका सांगाले माणूस वाकडा;
वाकड्या माणसाची गोड गोड चाय,
मराले टेकला तरी म्हणे बरं हाय.
नागोनं बोंबलून घसा बसवला,
गोयीनं म्या इकडं दम कसवला;
दुखते तं सांगा, कुढू नका भाऊ,
उद्याचं उद्या, आज पोया पाहू.
एक नमन गौरा पारबती, हर बोला..."

"हर हर महादेव!" अशी गर्जना झाली, की बैल दाव्याला झटका देऊन मागे सरले. टोप्या उडाल्या. शकुबाई पदर तोंडाला लावून हसत होती आणि पिंटू मोठ्याने रडत होता, त्याला त्याची लाजही वाटत नव्हती.

आता उत्तराची पाळी नागोरावांची. त्यांनी तोंड उघडलं. आवाजच नव्हता. खालच्या मोहल्ल्याने शिट्ट्या मारल्या. नागोराव हसत पुढे आले आणि सदाशिवरावांच्या कानाशी लागून घोगरले, "पुढल्या पोयाले पाह्यतो तुले, सद्या."

"पुढल्या पोयाले मी नसन, नागो," सदाशिवराव म्हणाले. "म्हणाचं असंन तं आज म्हण."

नागोरावांचं हसू तिथेच थांबलं. पाटलांचा हात तोरणाकडे गेला होता, त्यांनी मान हलवून पाटलांना थांबवलं. मग एक हात सदाशिवरावांच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणायला लागले. पहिल्या रांगेलासुद्धा काही ऐकू येईना. सदाशिवरावांनी आपला कान त्यांच्या तोंडाला लावला, एकेक ओळ ऐकून घेतली आणि स्वतःविरुद्धची झडती स्वतःच्या आवाजात गावाला म्हणून दाखवली.

"शेर रे शेर, गोयीचा शेर,
नागोसंगं त्याचं जलमाचं वैर;
वैरी चालला सोडून, वैर कोणासंगं करू,
पुढल्या पोयाले कोणाच्या नावानं बोंब मारू?"

शेवटच्या ओळीला ते जरा थांबले, पण ती त्यांनी मोठ्याने म्हटली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मग दोघांनी मिळून हर बोला केलं आणि गावाने उत्तर दिलं. पाटलांनी तोरण तोडलं. पोळा फुटला, घुंगरं वाजवत बैल धावले, पोरं त्यांच्या मागे, डफडं पोरांच्या मागे, आणि सगळं आखर धुळीने भरलं. दोघं म्हातारे तिथेच, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, धूळ खाली बसायची वाट पाहत उभे राहिले.